फळ्यावरचा एक जून

१ जून, रविवार

चौदा डबे गेले! श्रीखंडाचे!

चूक अनिल काकांची, म्हणजे आमच्या मालकांची. गेल्या महिन्यात त्यांनी दुकानाच्या काचेवर कागद लावला — वाढदिवसाला या, आयडी दाखवा, श्रीखंडाचा डबा फुकट. मी तेव्हाच सांगणार होतो. पण पोळ्या लाटणाऱ्याला कोण विचारतं?

आज दार उघडलं तर बाहेर म्हाताऱ्यांची रांग. ह्यूस्टनजवळच्या या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी घरांतले आईवडील, सासूसासरे. प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट. जन्मतारीख — एक जून. पुढचा — एक जून. त्याच्या पुढची आजी — एक जून. काका पहिल्या तिघांना हसून हॅपी बर्थडे म्हणाले. चौथ्याला नुसतं हॅपी. आठव्यानंतर आत जाऊन तांदळाच्या पोत्यांवर बसले. नीना काकू, म्हणजे मालकीणबाई, पुण्याच्या, दवाखान्यात जन्मलेल्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "अरे, हे काय स्कॅम आहे का?"

मग मी समजावून सांगितलं. गावाकडं पोराची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारणार, घरचे एकमेकांच्या तोंडाकडं बघणार, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे. जूनमध्ये शाळा सुरू, वयाचा हिशेब बरोबर बसतो. अख्खी अख्खी गावं एकाच दिवशी जन्मलीत.

पंधरावा मी. पासपोर्टवर १ जून १९९८. डबे संपले होते. मागितला पण नाही.

आज फळाही झकास झाला होता. काकांनी तो वडापावचा भाव लिहायला आणलेला. जानेवारीपासून वरच्या अर्ध्या भागात मी दिनविशेष लिहितो. आठवीत शाळा सुटली, पण शाळेचा दारातला फळा मीच लिहायचो — अक्षर बरं म्हणून. गुरुजी मजकूर द्यायचे, मी खडू चालवायचो. शाळेत जमलेली गोष्ट तेवढी एकच. आज लिहिलं —

१ जून १९४८ : पहिली एसटी धावली, पुणे ते नगर.
जन्म : समोर रांगेत उभे आहेत ते सगळे!

लोक हसले. फोटो काढले. एकटे शशिकांत सर हसले नाहीत. सर म्हणजे इलाचे आजोबा. ती दर रविवारी घरच्यांसाठी पोळ्या न्यायला येते, हायस्कूलला आहे. सर नगरकडचे रिटायर हेडमास्तर, मुलाकडं सहा महिन्यांसाठी आलेत. पासपोर्ट तोच, एक जून. डबा काखेत धरून फळ्यासमोर किती तरी वेळ उभे. मग विचारलं, हे कुठं वाचलंस? म्हटलं, मोबाईलवर. अजून कुठं? म्हटलं, कुठंच नाही.

"म्हणजे ऐकीव," म्हणाले आणि गेले.

दिवसभर तो शब्द डोक्यात खिळ्यासारखा.

२ जून, सोमवार

सर परत आले! चालत! इथं चालत कोण येतं? उन्हानं लाल झाले होते. ताक दिलं.

शिक्षण किती? आठवी. पास? नाही. का सोडलीस? म्हटलं डोक्यात शिरायचं नाही, बाकीच्यांच्या मागं पडायचो, मास्तर ढ म्हणायचे, मग आपणच एक दिवस दप्तर विहिरीत टाकलं. सर ताक पीत राहिले.

मग विचारलं, तुझी खरी तारीख कुठली?

माहीत नाही. आई म्हणते पावसाळ्यात झालास. पुढं विचारलं की विषय बदलते. दर वेळी.

तेव्हा सर म्हणाले की तारीख शोधता येते. जुनी पंचांगं, आईच्या आठवणी, वार, सण — सगळं जुळवून बघायचं. त्यांना येतं. मला शिकवतील. पण अट! जुलै संपेपर्यंत फळ्यावरची प्रत्येक ओळ दोन ठिकाणी बघून लिहायची. एक चूक सापडली की संपलं.

"आठवी नापासाला झेपेल?"

मुद्दाम टोचलं. मला कळलं. तरी टोचलं.

हो म्हणालो. इथं येणाऱ्या पोराटोरांचे वाढदिवस मी फळ्यावर लिहितो. राजांचे, शास्त्रज्ञांचे लिहितो. माझा एकट्याचा दिवस मास्तरनं दिलेला — जागा भरायला. मला माझा पाहिजे. आता पाहिजेच.

५ जून

लायब्ररीत गेलो. जन्मात पहिल्यांदा. इलानं नेलं. कार्ड फुकट मिळतं!! पत्ता दाखवला, झालं. बाईनं माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं — हणमंतचं. मी सांगितलं तेही बरोबर निघालं.

६ जून

शिवराज्याभिषेक, १६७४. दोन ठिकाणी नाही, चार ठिकाणी बघितलं. सर आले, वाचलं, काही न बोलता गेले. म्हणजे बरोबर!

१९ जून

इला म्हणाली, "दादा, आज जूनटीन्थ आहे, तू लिहिलंच नाहीस? दॅट्स लाइक, अ ह्यूज डील. इथलंच आहे ते, गॅल्व्हेस्टनचं."

मला ठाऊक नव्हतं. गॅल्व्हेस्टनला दोनदा मासे आणायला गेलोय. १८६५ साली याच दिवशी तिथं फौजेच्या माणसानं वाचून दाखवलं की सगळे गुलाम सुटले. सुटायचा कायदा अडीच वर्षं आधीच झालेला! यांना कुणी सांगितलंच नाही. अडीच वर्षं मोकळी असलेली माणसं तशीच राबत होती.

लिहिलं. दुपारी एक काळा माणूस समोसे घ्यायला आला. मराठी अक्षरं त्याला काय कळणार, पण १९ जून १८६५ इंग्रजी आकड्यांत लिहिलं होतं. बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं पण हलवली.

गरमी अशी की फळा पुसायचं फडकं बाहेर ठेवलं तर तव्यावर ठेवल्यासारखं.

२६ जून

शाहू महाराजांची जयंती. एका जुन्या पुस्तकात सव्वीस जुलै, बाकी सगळीकडं सव्वीस जून! सरांना विचारणं अटीत बसतं का? नाही विचारलं. अजून तीन ठिकाणी बघितलं. आधी जुलै धरायचे, मग कागद तपासून जून ठरवली म्हणे. जून लिहिलं.

म्हणजे राजाची तारीखसुद्धा हुकते. आणि सापडते पण!

२ जुलै

ऋषीचा फोन. मस्कतला आम्ही एका किचनमध्ये होतो. आता ट्रॉयला आहे, मिशिगनमध्ये. यार तू इकडं ये, नवीन हॉटेल निघतंय, थंड हवा, आपल्यासारखी माणसं.

एरवी मी बॅग भरली असती. पुणं सोडलं, गोवा सोडलं, मस्कत सोडलं. दोन वर्षं एका जागी झाली की तळपाय खाजतात. तिसरं चालू आहे. म्हटलं, जुलै संपू दे. तो म्हणाला जुलैमध्ये काय आहे? सांगितलं तर हसला. हसू दे.

४ जुलै

यांचा स्वातंत्र्यदिन. यांचे दोन राष्ट्राध्यक्ष याच तारखेला, एकाच दिवशी वारले. १८२६. दोन नाही, सहा ठिकाणी बघितलं, कारण खोटंच वाटत होतं.

२० जुलै, रविवार

आजचं नीट लिहितो.

सकाळी लिहिलं — २० जुलै १९६९ : माणूस चंद्रावर उतरला. मोठ्या अक्षरात, कारण हे तर आपल्याच गावचं. ज्या केंद्राशी ते चंद्रावरून बोलत होते ते इथून तासाभराच्या ड्राइव्हवर आहे. दुकानात येणारे निम्मे लोक कधी ना कधी पाहुण्यांना तिथं घेऊन गेलेत.

अकराच्या सुमारास सर आले. सोबत मुलगा राजीव आणि इला. रविवारची गर्दी, वड्यांचा घाणा चालू. सरांनी फळा वाचला. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत वाचला.

"चूक," म्हणाले.

सगळ्यांसमोर!

मी तळणातला झारा हातात घेऊनच बाहेर आलो. सर शांत. म्हणाले, एकवीस जुलै. मी एकवीस वर्षांचा होतो, नगरला बोर्डिंगात. सोमवार होता. सकाळी आंघोळीला नंबर लावून उभे होतो आणि रेडिओवर सांगितलं — माणूस चंद्रावर उतरला. बोर्डिंगातल्या पोरांनी बादल्या वाजवल्या होत्या. मी स्वतः ऐकलंय. तुझा मोबाईल ऐकतो त्याच्या आधीपासून मी ऐकतोय.

राजीव म्हणाला, बाबा जाऊ द्या ना, एक दिवसाचा फरक. सर म्हणाले, एका दिवसाच्या फरकानंच तर सगळं बिघडतं.

मला वाटलं संपलं. दीड महिना पाण्यात. ट्रॉय डोळ्यांसमोर आलं, खरं सांगतो.

आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली. दोन घड्याळं आहेत आमच्याकडं — एक इथलं, एक इंडियाचं. काकूंनी लावलेली, माहेरी फोन करायला. मी रोज सकाळी साडेसातला आईला फोन करतो, तेव्हा तिकडं संध्याकाळचे सहा. रात्री जेवून केला तर ती म्हणते, बाबा, हितं उद्या उजाडलाय!

उद्या उजाडलाय!!

झारा ठेवला. विचारलं, सर, तुम्ही ऐकलं तेव्हा किती वाजले होते? म्हणाले, साडेआठ असतील. मी पिठाच्या हातानं फळ्यावर खाली मांडलं. तिकडं सोमवार सकाळ साडेआठ. त्यातून साडेदहा तास मागं. आठ, सात, सहा... बोटं मोजत गेलो, सगळं दुकान बघतंय. इथं रविवार, रात्रीचे दहा. वीस तारीख!

इलानं फोनवर बघितलं. "नऊ छप्पन पीएम, ह्यूस्टन टाइम. आजोबा, ही इज राइट. आणि तुम्ही पण राइट."

सर घड्याळांकडं बघत राहिले. मग माझ्या हातातला खडू घेतला. मला वाटलं खोडणार. त्यांनी माझ्या ओळीखाली स्वतः लिहिलं — "भारतात तेव्हा २१ जुलै उजाडली होती." आणि खडू परत देताना म्हणाले,

"छप्पन वर्षं मी बरोबर होतो. आज पूर्ण बरोबर झालो."

वड्यांचा अख्खा घाणा करपला. काका काही बोलले नाहीत!

२१ जुलै

हेडमास्तरशी भांडून जिंकलो. आठवी नापास. परत एकदा लिहितो — जिंकलो!

१ ऑगस्ट, शुक्रवार

जुलै संपला. एकही चूक नाही. सर सकाळीच आले, लॅपटॉप घेऊन. म्हणाले चल, आईला फोन लाव.

आधी त्यांनी बजावलं. तारीख विचारायची नाही, ती तिला ठाऊक नाही. त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते विचार. काय शिजलं होतं, कोण कुठं गेलं होतं. बायका तारखा विसरतात, चुलीवर काय होतं ते विसरत नाहीत.

आई आधी नेहमीसारखी — पावसाळा हुता की रं, किती येळा सांगू. मी म्हटलं, स्वयंपाक काय होता? मग म्हणाली, कणकेचं दिवं उकडाय ठेवल्यालं. दिव्याची अवस. पितळंचं दिवं घासून पाटावर मांडल्यालं. आणि बा? बा बाजाराला गेल्ता. बाजार आमच्याकडं बुधवारी. पिढ्यान्‌पिढ्या बुधवारीच.

सरांनी कागदावर लिहिलं : आषाढ अमावास्या. बुधवार.

मग साल. मास्तर लोक वय वाढवून लिहितात, कमी करून कधीच नाही, असं सर म्हणाले. पोर आलं म्हणजे पट भरतो; म्हणून अठ्ठ्याण्णव आणि पुढची सालंच बघायची. हे त्यांना कसं ठाऊक असं मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

"मी स्वतः लिहिलेत एक जून. शेकड्यानं."

उरलेलं मी करायचं. तीन पंचांगं लॅपटॉपवर उघडून दिली आणि नैना — म्हणजे त्यांची सून — घ्यायला आली तसे लॅपटॉप ठेवून निघून गेले.

३ ऑगस्ट, रविवार

सापडला!!!

अठ्ठ्याण्णव — दिव्याची अवस गुरुवारी. नाही. दोन हजार — अवस रविवारी लागून सोमवारी संपली. नाही. नव्व्याण्णव — बुधवार.

११ ऑगस्ट १९९९.

मागच्या बाजूला जाऊन पार्किंगमध्ये दोन चकरा पळालो. एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, आर यू ओके? म्हटलं, बर्थडे! ती म्हणाली हॅपी बर्थडे. म्हटलं, नॉट टुडे! गेली घाबरून.

मग हिशेब केला तेव्हा खाली बसलो. दोन हजार चारच्या जूनमध्ये मला पहिलीत बसवलं. कागदावर सहा पूर्ण. खरा किती? चार वर्षं दहा महिने. वर्गात मी सगळ्यांत बुटका. पाटी खाली पडायची. बाराखडी होईपर्यंत बाकीचे बेरजांवर गेलेले. तिथून जो मागं पडलो तो विहिरीत दप्तर टाकेपर्यंत.

मी ढ नव्हतो. मी लहान होतो.

हे एक वाक्य लिहायला इतकी वर्षं लागली. आणि चौदा महिने परत मिळाले ते वेगळेच!

संध्याकाळी सरांकडं गेलो. त्यांना पहिलीचा हिशेब सांगितला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, पंचांग झालं एक ठिकाण. दुसरं?

५ ऑगस्ट

दुसरं ठिकाण मिळालं. असं मिळेल वाटलं नव्हतं.

माझ्या नेहमीच्या पद्धतीनं गेलो. तारीख घातली, त्या दिवशी जगात काय झालं ते बघितलं. पहिलीच ओळ — सूर्यग्रहण. खग्रास. गुजरातेतून खग्रास, आपल्याकडं थोडं कमी, संध्याकाळच्या वेळी.

साडेसातला आईला फोन केला. म्हटलं, आई, मी झालो तेव्हा अंधारून आलं होतं का?

मागं कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"तुला कुणी सांगितलं?"

म्हटलं, फळ्यानं.

मग बोलली. सव्वीस वर्षांचं एका दमात. दिवस मावळायच्या आधीच अंधारलं, पाखरं झाडावर परतली, आणि तेवढ्यात मी. गिराणातलं पोर. आज्जीनं दार लावून घेतलं. ह्या दिसाचं नाव काढायचं न्हाई, पोराला कुणी पोरगी द्यायचं न्हाई. शाळेत मास्तरनं विचारलं तेव्हा आज्जीच पुढं होऊन म्हणाली, ठावं न्हाई. आज्जी गेली, पण आईचं तोंड बंदच राहिलं. सवयीनं. भीतीनं.

"रागावलास व्हय रं?"

म्हटलं, आई, गेल्या वर्षी टेक्सासमध्ये ग्रहण झालं. लोक काळे चष्मे विकत घेऊन, पाच पाच तास गाडी हाणून बघायला गेले. शाळांना सुट्ट्या. काकांनी दुकान बंद ठेवलं, मी पण गेलो. अंधार पडला तेव्हा माळावर हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या. आई, टाळ्या!

ती रडली का हसली कळलं नाही. शेवटी म्हणाली, मग औंदा मी पण दिवं लावती तुझं. त्याच तारखेला.

११ ऑगस्ट, सोमवार

फळा, जसाच्या तसा :

११ ऑगस्ट १९९९ : सूर्यग्रहण. भारतातून दिसले.
जन्म : हणमंत. पोळ्या, वडे आणि हा फळा.

खाली एक ओळ जास्तीची — "ग्रहण सुरू होते तेव्हा भारतात संध्याकाळ, इथे सकाळ. तारीख दोन्हीकडे अकराच." म्हणजे कुणी भांडायला नको!

काकांनी स्वतः श्रीखंडाचा डबा आणून हातात दिला. आयडी मागितला नाही. काकूंनी ओवाळलं, गॅस स्टेशनच्या मेणबत्तीनं. ऋषीला मेसेज टाकला — नाही येत. तळपाय खाजत नाहीत सध्या.

साडेसातला आईनं व्हिडिओ कॉल केला. पाटावर कणकेचे पाच दिवे. फोन इतका जवळ धरला की नुसता उजेड दिसत होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सर निरोप घ्यायला आले. परवा फ्लाइट. फळ्यासमोर उभे राहिले आणि माझ्याकडं न बघता सांगायला लागले. त्यांचं गाव सुपे, पुणे-नगर रस्त्यावर. आई सांगायची, तू झालास त्या दिवशी पहिली एसटी गावावरून गेली, बायका बाळंतिणीला टाकून गाडी बघायला पळाल्या. ती एसटी कधी गेली हे त्यांनी जन्मात शोधलं नाही. शाळेच्या फळ्यावर दिसली असती, पण एक जूनला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. तेहतीस वर्षांत त्यांच्या फळ्यावर एक जून कधी आलाच नाही. पहिल्यांदा वाचला तो माझ्या.

"तुझ्यावर विश्वास ठेवायचा का, एवढंच बघायचं होतं मला."

मी वही काढून दाखवली. पहिल्या एसटीचं दुसरं ठिकाण, तिसरं ठिकाण, दोन जूनलाच लिहून ठेवलेलं. 'ऐकीव' या एका शब्दाच्या रागानं.

चौदा डब्यांतला एक खरा होता.